गणवीर काकांसाठी फोन

गणवीर काका टांग्यात बसण्याआधी बाकीच्या सवाऱ्यांना त्यांचं वजन विचारत. वर्धा स्टेशनावरून नालवाडीला यायला तेव्हा टांगेच असत, आणि संध्याकाळच्या गाडीनं उतरलेली माणसं मिळेल त्या टांग्यात स्वतःला कोंबून घेत. काका मात्र पायरीवर एक पाय ठेवून उभे. "मावशी, तुमी मागं या. गुरुजी, पुढं सरका जरा." टांगेवाला वैतागून म्हणे की वीस वर्षं टांगा हाकतोय, आता मला शिकवता का? काका शांतपणे सांगत की अंदाजावर घोडा चालतो, विमान उडत नाही. एकदा एका बाईनं वजनाचा प्रश्न ऐकून पायातली चप्पल हातात घेतली. काकांनी मान खाली घातली आणि पुटपुटले, "पासष्ट धरतो."

ही त्यांची नोकरीच होती. नागपूरच्या विमानतळावर ते एका विमान कंपनीत होते. रोज सकाळी वर्ध्याहून गाडीनं जायचं, संध्याकाळी परत यायचं. विमानात माणसं किती, सामान किती, टपाल किती, इंधन किती आणि त्यातलं काय कुठे, हे एका लांबलचक कागदावर मांडून ते पेन्सिलीनं एक रेघ ओढत. रेघ ठरलेल्या चौकटीत उतरली की समजायचं, विमानाचं नाक जड नाही आणि शेपूटही जड नाही. मग कॅप्टन सही करणार आणि विमान सुटणार. काका स्वतः कधी विमानात बसले नाहीत. मी कारण विचारलं तर म्हणाले, मी वर गेलो तर खाली कागद कोण करणार?

मग ऐंशी सालानंतर कधीतरी त्यांच्या ऑफिसात कॉम्प्युटर आला. त्याच्यासाठी थंड हवेची खोली झाली आणि आत जाताना चपला बाहेर काढायचा हुकूम निघाला. काका माझ्या दुकानात येऊन बोलले, "विहारात चप्पल काढतो ते समजते. या डब्ब्यापुढं काऊन?" डबा आकडे मागे आणि कागद आपोआप छापून देई. फक्त तो मुंबईच्या लाईनीवर चालायचा, आणि लाईन तुटली की सगळे साहेब काकांना शोधत फिरायचे. ते दिवस काकांचे. "पेन्सिलीले लाईट लागत नाई," असं ते टांगेवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना ऐकवत.

हळूहळू लाईन सुधारली. तरी काका रोज छापील कागदाच्या बाजूला आपला हाताचा कागद करून ताळा घेत. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी बघतही नव्हतं. संध्याकाळी उतरलेल्या चेहऱ्यानं टांग्यातून उतरत आणि मला सांगत, "आजबी बरोबर निघालं त्याचं." एकदाच फरक आला, तोही काकांच्या बेरजेत. दोन दिवस ते कोणाशी बोलले नाहीत. मला तेव्हा हसू आलं होतं. आज आठवलं की स्वतःचाच राग येतो.

ते रिटायर झाले तेव्हा हाराबरोबर त्यांनी ऑफिसला एक कागद दिला. त्यावर माझ्या दुकानाचा फोन नंबर होता. बियाण्यांचं माझं दुकान, आणि अख्ख्या आळीत फोन तेवढाच. मला न विचारता नंबर दिला म्हणून मी कुरकुरलो, तर म्हणाले, "कॉम्प्युटर बंद पडला तं बलावतीन मले. हातानं कागद करनारं आता कोनीच नाई तिथं. पोट्टे शिकतच नाई." नागपूरला पोचायला गाडीनं दीड-दोन तास. तोवर विमान काय त्यांची वाट पाहत थांबणार होतं? हे मी बोललो नाही. दुपारपर्यंतच्या सगळ्या गाड्यांच्या वेळा त्यांना पाठ होत्या.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी दहाच्या ठोक्याला काका हजर. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट, खांद्याला पिशवी. पिशवीत कोरे कागद, पट्टी, खोडरबर आणि टोक केलेल्या चार पेन्सिली. सरकीच्या पोत्यावर फोनकडे तोंड करून बसायचे. घंटी वाजली की अर्धे उठायचे, फोन बुलढाण्याच्या व्यापाऱ्याचा निघाला की परत बसायचे. विमानाची वेळ टळली की पिशवी उचलून घरी. घरी तरी कोण होतं? काकू जाऊन चार वर्षं झाली होती. एकुलती मुलगी रंजना, तिला नाचणगावला दिलेली. रिटायर झाल्यापासूनच्या सात महिन्यांत ते तिच्याकडे एकदाही गेले नाहीत. न जाणो, फोन आला तर?

रंजनाला मुलगी झाली. नाव ठेवण्याचा कार्यक्रम ठरला, आणि निरोपामागून निरोप पाठवूनही काका हलेनात. शेवटी तिचा नवरा माझ्याकडे आला. म्हणाला, ती रडून राह्यली, तुम्हीच समजवा. मी समजावलं नाही, मी तोडून बोललो. त्या दिवशी व्यापाऱ्याशी माझी वाजली होती, त्याचा राग काकांवर निघाला. "काका, तुम्हाला कोणी फोन करणार नाही. त्यांना तुमची आठवणही नसेल. उठा आणि नातीचं तोंड बघून या."

काका उठून घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीनं गेले, पिशवी घेऊनच.

त्याच दिवशी साडेदहाला फोन वाजला. पलीकडे कुणीतरी घाईत होतं, मागे गलका ऐकू येत होता. "अरे भाई, वो पेन्सिलवाला बुड्ढा है क्या? सिस्टम बंद पडा है, जहाज खडा है." काका गावाला गेलेत, असं मी सांगितलं. कधी येतील, विचारलं. उद्या म्हणालो. "छोडो फिर," असं म्हणून त्यानं फोन ठेवला. मी रिसीव्हर हातात धरून तसाच उभा राहिलो. नाचणगावात निरोप पोचवायला संध्याकाळ झाली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला काका आले, हातात लाडवांचा पुडा. पोत्यावर बसायच्या आधीच त्यांनी विचारलं, फोन आलता? मी नाही म्हणालो. खरं सांगून त्यांचं नातीकडे जाणं कडू करायचं नव्हतं. निदान तेव्हा मी मनाला असंच समजावलं.

काका त्या दिवशी बसले नाहीत. नंतरचे चार दिवस आलेच नाहीत. पाचव्या दिवशी आले ते साध्या धोतरात, पायात चपला. म्हणाले, रंजना कायमचं ये म्हणते आहे, खोली रिकामी करतोय. ऑफिसला पत्र टाकून नंबर खोडायला सांगितलाय, तुम्हाला उगाच त्रास नको. मग दाराशी थांबले.

"तुमी बरोबर बोलले भाऊ. पन एक डाव तरी फोन याले पाह्यजे होता. आला असता आन मी नसतो, तरी चाललं असतं."

मला राहवलं नाही. मी सांगून टाकलं की आला होता, तुम्ही गेलात त्याच दिवशी, साडेदहाला. मी खोटं बोललो, काका.

ते रागावतील असं वाटलं होतं. ते हळूच आत आले आणि पोत्यावर टेकले. मग त्यांनी विचारलं, "काय म्हनले? गनवीर म्हनले, का गनवीर साहेब?"

"साहेब म्हणाले," मी म्हणालो. "गणवीर साहेब आहेत का, असं विचारलं. सिस्टम बंद पडलंय, विमान उभं आहे म्हणाले."

काकांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. डोळे भरून आले होते, ते त्यांनी पुसले नाहीत.

"बिचारे," ते म्हणाले. "लई हाल झाले असतीन त्याहीचे. मी पाह्यजे होतो तिथं."