हात तेवढा लग्नाला गेला

आमच्या बेटावरून सुटणारी लाँच माणसाला जेवढं आमंत्रण असेल तेवढाच माणूस नेते. घरी येऊन, सुपारी ठेवून बोलावलं असेल तर तो सबंध जातो. हळदकुंकू लावलेली पत्रिका आली असेल तर कमरेपर्यंतचा. नियम जुना आहे आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नाही. लाँच लहान, आणि अर्ध्या मनानं बोलावलेली माणसं सबंध नेऊन करायचं काय?

केतकी ही माझ्या धाकट्या बहिणीची, शालनची मुलगी. तिचं लग्न तालुक्याच्या गावी होतं, मुहूर्त दुपारी बारा वीसचा. मुलीला हाताला धरून बोहल्यावर मामानं आणायचं असतं, आणि मामा मी एकटाच. केतकी चालायला शिकली तीसुद्धा माझं बोट धरून, आमच्याच धक्क्यावर. मी महिनाभर आधी कोट इस्त्री करून ठेवला होता.

धक्क्यावरचा कारकून मयेकर हा माझा जुना विद्यार्थी. त्यानं आमंत्रण मागितलं. मी फोन दाखवला. शालननं बेचाळीस जणांना मिळून एकच निरोप धाडला होता, आणि खाली लिहिलं होतं, ‘हेच आग्रहाचे निमंत्रण समजावे’.

“गुरुजी, ह्यात तुमचा नाव खंय आसा?”

“मी चेडवाचो मामा, मयेकरा.”

“ता माका ठावक आसा. पण लिवलेला नाय.”

मी तिथूनच शालनला फोन लावला आणि मयेकरला ऐकवला. तिच्यामागे मांडवाची गडबड चालली होती. ती म्हणाली, “दादा, तुका येगळा आमंत्रण कित्याक? तू घरचोच मा.” आणि फोन ठेवला.

मयेकरनं फॉर्म वरपासून खालपर्यंत दोनदा वाचला. मुलगा शाळेतही असाच होता, उत्तर येत असलं तरी पुस्तक बघणारा.

“घरचो असो रकानोच नाय, गुरुजी. उजवो हात सोडतंय. अक्षता टाकूक पुरे.”

त्यानं नोंद केली, हात खांद्यापासून सोडवून घेतला आणि विलास तांडेलच्या मांडीवर ठेवला. तांडेल आमचा शेजारी. त्याच्याकडे नवऱ्याकडची मंडळी स्वतः येऊन नारळ ठेवून गेली होती, म्हणून तो टोपीपासून चपलेपर्यंत सबंध निघाला होता. परक्याला रीतसर बोलावतात. घरच्याला गृहीत धरतात. मला राग आला, पण तो लाँचमध्ये नेता येत नव्हता.

उरलेला मी बाकावर बसलो. पलीकडे हात बसमध्ये चढला ते मला इथं कळलं, कारण खिडकीची सळई गरम होती. अकराच्या सुमारास कोणीतरी त्यावर अत्तर लावलं. बारा वाजल्यापासून मी तळवा सैल सोडून बसलो होतो. आता केतकीचा हात येईल, बांगड्या मनगटाला लागतील.

बारा वाजून दहा मिनिटांनी तळव्यात अक्षता पडल्या.

तेव्हाच सगळं समजलं. मुलीला घेऊन येणाऱ्याचे हात मोकळे नसतात. त्याला कोणी अक्षता वाटत नाही. मी मूठ मिटली आणि ती मिटलेलीच ठेवली. मंगलाष्टकं संपली असतील, वाजंत्री वाजली असेल, मी एक दाणा टाकला नाही.

संध्याकाळी तांडेल हात घेऊन आला. तो फार ओशाळला होता.

“भटान मामाक हाक मारल्यान. पण हाताक पाय खंय, गुरुजी? चेडवाक हाडूक कोणतरी अख्खो माणूस व्हयो होतो. माका उभो केल्यानी.”

“केतकी काय म्हणाली?”

“सगळीकडे बघी होती.”

मयेकरनं हात जागच्या जागी बसवला. मूठ मात्र उघडेना. खोबरेल लावून झालं, कोमट पाण्यात धरून झालं. मी डाव्या हातानं जेवायला शिकलो.

दिवाळीत शालनचा फोन आला. “दादा, भाऊबीजेक येतंय. बोलाव मा माका.”

सुपारी घेऊन मी तिच्या दारात जाऊ शकलो असतो. निदान चार ओळी तिच्या नावानं लिहू शकलो असतो. मी म्हणालो, “तुका येगळा आमंत्रण कित्याक? तू घरचीच मा.” आणि सगळ्या नातेवाइकांना मिळून एकच निरोप धाडला. त्या दिवशी मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

भाऊबीजेला दुपारच्या लाँचमधून तिचा उजवा हात उतरला. त्यानं ताट धरलं होतं, ताटात निरांजन, सुपारी आणि कुंकवाचा करंडा. लहानपणी फणसाच्या सुरीनं कापल्याची खूण अंगठ्यावर होती. मयेकरनं नोंद घेऊन बाकासमोर मला पाट मांडून दिला. हातानं ताट टेकवलं, चाचपत माझं कपाळ शोधलं, कुंकू लावलं, मग ताट उचलून मला ओवाळलं आणि ते माझ्यासमोर धरून ठेवलं.

ओवाळणी डाव्या हातानं घालत नाहीत. मी मूठ ताटावर धरली. जोर केला. ती उघडली नाही.

हात बराच वेळ तसाच थांबला. मग मयेकर हळू म्हणाला, “गुरुजी, चारची शेवटची लाँच.”

शालन पलीकडच्या धक्क्यावर बाकावर बसली असणार. ताट जड झालं नाही, हे तिला तिथं कळत होतं.