पडद्यात पहिलं कोण बघणार

ग्लॉसी पडद्याचा लॅपटॉप घेतला की माणसाचं प्रतिबिंब त्यात कायमचं राहायला जातं आणि घरच्या आरशात पुन्हा येत नाही. मॅट पडद्याची ही भानगड नाही. तो कुणाचं काही घेत नाही आणि कुणाला काही दाखवतही नाही. त्यामुळे आमच्या इचलकरंजीत लॅपटॉप घ्यायचा म्हटलं की किंमत, वजन, बॅटरी हे सगळं नंतर. आधी घरात पडद्यावरून भांडण होतं.

इतर गावांत काय होतं ते मला ठाऊक नाही. मी पाणीपट्टीच्या कार्यालयात नोकरीला आहे आणि हद्दीबाहेरचं बोलायची मला सवय नाही.

आमच्याच कार्यालयातल्या आवटींनी ग्लॉसी घेतला. तेव्हापासून ते हातानं चाचपून दाढी करतात. कटिंग झाली की न्हावी रीतीप्रमाणे मागं आरसा धरतो आणि "बघा, बरोबर आहे का?" विचारतो. आरशात रिकामी खुर्ची आणि समोरचं कॅलेंडर असतं. आवटी ते नीट बघतात आणि "बरोबर आहे" म्हणतात. दोघांचंही समाधान होतं.

प्रतिबिंब लॅपटॉपमध्ये राहत असलं तरी माणसाला सोडून वागत नाही. माणूस कुठंही असो, तो या घडीला जे करत असेल तेच ते करतं. पडदा काळा झाला की दिसतं. आवटींनी पोट दुखतंय म्हणून रजा टाकली, त्या दिवशी टेबलावरच्या बंद पडद्यात ते भडंग खात बसले होते. साहेबांनी रजा नामंजूर केली. आवटींनी हरकत घेतली नाही, कारण भडंग खाल्लं होतं हे खरंच होतं.

तर आमच्या पूर्वाला अहमदाबादला कापडाचं डिझाइन शिकायला प्रवेश मिळाला आणि हा प्रश्न आमच्या घरात आला. माझी बायको मंगल घरी साड्यांना फॉल-पिको करते. तिचं ठरलेलं होतं, मॅटच घ्यायचा.

"अठरा वर्षांची पोरगी," मंगल मला म्हणाली, "आता जन्मभर आरशात स्वतःचं तोंड बघायचं नाही म्हणजे काय? डोळ्यात काही गेलं तर कुणाला विचारायचं तिनं?"

"आई, फोटो काढून बघीन की," पूर्वा म्हणाली.

"फोटोत मघाचं तोंड दिसतं. आत्ताचं आरशातच दिसतं."

शेवटी आम्ही तिघंही लॅपटॉप बघायला निघालो.

बाहुबली चौगुल्यांचं दुकान आमच्या ओळखीचं. त्यांनी काउंटरवर दोन लॅपटॉप शेजारी शेजारी ठेवले आणि दोन्हींवर साड्यांची तीच चित्रं लावली. नमुन्याच्या ग्लॉसीत चौगुल्यांचं स्वतःचंच प्रतिबिंब आहे. धंद्यासाठी तेवढं सोसावं लागतं, असं ते म्हणतात. गडद साडी आली की तिच्या पदरावर चौगुले दिसायचे.

"मॅट म्हणजे शांत बघा," ते म्हणाले. "खिडकीत बसा, उन्हात बसा, पडद्यात जे आहे तेच दिसणार. ग्लॉसीत रंग खरा, पण घरात एक पाहुणा वाढणार."

"मॅटच दाखवा," मंगल म्हणाली आणि वाकून बघायला लागली. ती बराच वेळ बघत राहिली. मग तिनं विचारलं, "ह्यातली डाळिंबी कुठली आणि अंजिरी कुठली?"

"ही डाळिंबी, ही अंजिरी."

"मला दोन्ही एकच दिसायल्यात."

तिनं ग्लॉसीकडं बघितलं. तिथं, चौगुले सोडून दिले तर, डाळिंबी डाळिंबी होती आणि अंजिरी अंजिरी. डाळिंबी साडीला अंजिरी फॉल लागला तर बाई दुसऱ्या दिवशी साडी घेऊन दारात उभी राहते, हे मंगलला चांगलंच ठाऊक आहे. ती सरळ उभी राहिली आणि माझ्यावरच डाफरली, "पोरगी रंगाचं शिकायला चाललीय, आणि तुम्ही मॅट मॅट काय लावलंय?"

अशा वेळी बोलून उपयोग नसतो.

चौगुल्यांनी नवा ग्लॉसी मागवला आणि खोकं पुढ्यात ठेवून गंभीर झाले. "आता नियम सांगतो. बाहेर काढल्यावर पहिलं जो बघेल त्याचं प्रतिबिंब आत जाणार. पैसे कुणी दिले, नाव कुणाचं, याचा संबंध नाही. नंतर बदल नाही. मग कितीही पाया पडा, कंपनी ऐकत नाही."

"मालकानंच बघायला पाहिजे असं नाही ना?" मी विचारलं.

"असं काही नाही. घरातलं कुणीही चालतंय."

"मग मी बघतो. मला आरशाचं काय काम?"

"म्हणजे मी अभ्यासाला बसले की समोर पप्पांची मिशी?" पूर्वा म्हणाली.

चौगुले हसले, दुकानातली माणसं हसली, मीही हसलो. पण खरं सांगतो, मला वाईट वाटलं. ती मिशी मी फार निगुतीनं राखलेली आहे.

"माझा लॅपटॉप आहे, मीच बघणार," पूर्वा म्हणाली आणि तिनं हात पुढं केला.

"थांब." मंगलनं आपली पर्स माझ्या हातात दिली, पदर खोचला आणि काउंटरसमोर उभी राहिली. "काढा बाहेर."

"वहिनी, विचार केलाय ना? आरशात येणार नाही तुम्ही."

"आरशात बघून मला कुठं जायचंय? काढा."

"आई, नको ना गं," पूर्वाचा आवाज बारीक झाला.

"तू तिकडं तोंड कर."

चौगुल्यांनी लॅपटॉप उघडून तिच्यापुढं धरला. मंगलनं त्या काळ्या पडद्यात स्वतःकडं बघितलं. कानामागं एक बट निघाली होती, ती सारखी केली. मग तिनंच झाकण लावलं आणि म्हणाली, "झालं. द्या बांधून."

घरी येताना भांड्यांच्या दुकानाची मोठी काच लागते. काचेत मी आणि पूर्वा चाललो होतो, मधे एका माणसाची जागा सोडून.

पूर्वा अहमदाबादला गेली. मंगल रोज सकाळी कुंकू लावून माझ्यासमोर येऊन उभी राहायला लागली. "मधोमध आहे?" मी म्हणायचो, "जरा डावीकडं घे." ती म्हणायची, "माझ्या डावीकडं का तुमच्या?" हे ठरवण्यात आमचे बरेच दिवस गेले. पण त्या निमित्तानं मी तिच्या तोंडाकडं नीट बघायला लागलो. तिच्या कपाळावर एक आडवी रेघ आहे. ती कधी आली, मला सांगता येणार नाही.

आणि बघता बघता माझ्या ध्यानात आलं की मंगल सारखी हसतेय. मशीनवर बसताना ती बाहेर जायची साडी नेसायला लागली होती, पाठ ताठ ठेवून बसत होती. सुई मोडली तरी हसत होती. कांदा चिरणं तर तिनं बंदच केलं. "डोळ्यातनं पाणी आलेलं पोरीला दिसलं तर घाबरेल ती," असं म्हणून विळी माझ्याकडं सरकवली. तेव्हापासून आमच्या घरी कांदा मी चिरतो.

"ती चोवीस तास काय तुझ्याकडंच बघत बसलीय का?" मी एकदा म्हटलं. "घटकाभर तोंड पाड की."

"आणि नेमकी तेव्हाच तिनं मान वर केली तर?"

पोरगी गेल्यापासून घर खायला उठलं होतं. मी एकदा गच्चीवर आणि एकदा कार्यालयाच्या जिन्यात रडून घेतलं. माझं प्रतिबिंब माझ्यापाशी होतं, मला कुणाची चोरी नव्हती. मंगलला ती सोय उरली नव्हती. जी बाई पोरीला एसटीत बसवल्यापासून रडली नव्हती, ती मशीनवर बसून हसत फॉल लावत होती, आणि मला ते बघवत नव्हतं.

मग एके दिवशी पूर्वाचा फोन आला. आईच्या फोनवर नाही, माझ्या, आणि तोही कार्यालयाच्या वेळेत.

"पप्पा, आई कांदा का चिरत नाही?"

"मी चिरतो."

"आणि ती सारखी का हसतेय? एकटी बसून कुणी हसतं का?"

आवटी समोरच होते, म्हणून मी उठून जिन्यात गेलो. "तू बघतेस ना, म्हणून," मी म्हटलं.

फोन लागलेला आहे का ते मी तपासलं. लागलेला होता.

"पप्पा," ती शेवटी म्हणाली, "आईला सांगा, रोज दुपारची जेवणं झाली की मी लॅपटॉपवर ओढणी टाकणार. तासभर. तेवढ्यात मी बघणार नाही. शप्पथ."

"तेव्हा तुझं काम नसतं का?"

"असू दे. थांबेल ते."

घरी येऊन मी मंगलला जसंच्या तसं सांगितलं. ती ऐकत होती आणि अर्थातच हसत होती. सगळं ऐकून झाल्यावर तिनं एवढंच विचारलं, "ओढणी जाड आहे का?"

मी फोन लावला. पूर्वा म्हणाली, सुती आहे, आणि दुहेरी घालते.

दुसऱ्या दिवशी मला सुट्टी होती. जेवणं झाली. मंगलनं भांडी आवरली आणि मशीनवर कापड टाकलं. मग ती भिंतीला टेकून खाली बसली. थोडा वेळ तशीच बसली, पूर्वानं ओढणी टाकली असेल याची खात्री होईपर्यंत. मग तोंडाला पदर लावला, आणि नंतर तोही सोडून ती मोठ्यानं, पोटभर रडली.

मी दाराशी जाऊन बसलो. फॉलची साडी घेऊन आलेल्या बाईला मी तासानं यायला सांगितलं.