घाईतला डावा

"डावा घाईत आहे," घड्याळजी म्हणाले.

बाईंनी वळणाआधी दांडी दाबली होती आणि गाडीत टिकटिक सुरू झाली होती. उजवा इंडिकेटर मिनिटाला ब्याऐंशी ठोके देतो, हे घड्याळजींनी मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं होतं. डावा मात्र मागे कुत्रं लागल्यासारखा एकशे साठच्या पुढे पळत होता.

"पळू दे की," बाई म्हणाल्या. "लागतोय ना?"

"घाईतलं घड्याळ बंद घड्याळापेक्षा वाईट. बंद पडलेल्यावर निदान कोणी विश्वास ठेवत नाही."

घड्याळजी तीस वर्षं घड्याळं दुरुस्त करत होते. गाडी त्यांना चालवता येत नव्हती. ही गाडी बाईंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, भावाची. तो मुलीकडे राहायला गेला आणि जाताना किल्ली बहिणीच्या हातात देऊन गेला. बाई शाळेत शिकवायच्या आणि सोमवारी नदीपलीकडच्या शाळेत मुख्याध्यापिका म्हणून रुजू होणार होत्या. बस पुलाच्या अलीकडूनच परत फिरायची. म्हणजे गाडी हवी, आणि गाडीसाठी लायसन्स हवं. त्याच्या परीक्षेत बाई दोनदा नापास झाल्या होत्या. तिसरी परीक्षा उद्या सकाळी होती.

घरी आल्या आल्या घड्याळजींनी अंगणात हत्यारांची पेटी उघडली. टिकटिक कुठून येते ते कान लावून शोधलं आणि डॅशबोर्डखालून काडेपेटीएवढा एक काळा डबा काढला. तो उघडला आणि ते पायरीवर बसले ते बसलेच. आत तांब्याच्या तारेचं इवलंसं वेटोळं होतं आणि त्यावर पापणीसारखी उघडझाप करणारी एक पितळी पट्टी. दुपारचं ऊन तिच्यावर पडलं होतं. इतकी वर्षं घड्याळं पाहिली, पण वेळ न दाखवता नुसतंच टिकटिकणारं यंत्र त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. बाईंनी चहा आणून ठेवला. तो निवला. त्यांनी दुसरा आणून ठेवला. तोही निवला.

घड्याळजींनी पट्टी केसभर वाकवून डबा परत बसवला. डावा ऐंशीवर आला, पण उजवा चाळिसावर घसरला. पेन्शनीतला म्हातारा जिना चढावा तसा तो थांबत थांबत लुकलुकू लागला. त्यांनी डबा काढून पट्टी अर्धा केस सरळ केली. बसवताना बाजूची दुसरी एक वायर हातात आली. ती त्यांनी जागेवर लावली, पण जागा बहुधा दुसऱ्याच कुणाची असावी.

"अहो, ब्रेक दाबला की आतला दिवा लागतोय," बाई म्हणाल्या.

"बरंय की. कुठे थांबलो ते दिसेल."

मग डबा शेवटचा म्हणून उघडला, तेव्हा चिमट्यातून एक बारीक स्प्रिंग उडाली. ती उन्हात एकदा चमकली आणि दिसेनाशी झाली. दोघांनी अंगण लोहचुंबकाने पिंजून काढलं. चार खिळे आणि एक हेअरपिन मिळाली. आता दोन्ही इंडिकेटर गप्प होते. बाईंनी गॅरेजवाल्याला फोन लावला, तर तो बाहेरगावी, उद्या दुपारी येणार.

घड्याळजींना वाटलं, आता काही खरं नाही. पण बाई हेअरपिन केसांत खोचत म्हणाल्या, "हात आहेत ना मला."

परीक्षक लांब मानेचे, पेंगुळलेल्या डोळ्यांचे गृहस्थ होते. ते बाईंच्या शेजारी बसले, घड्याळजी मागे.

"इंडिकेटर बंद आहेत," बाई म्हणाल्या. "मी हाताने दाखवीन. पुस्तकात बाविसाव्या पानावर तसं चालतं म्हणून लिहिलंय."

"त्या पानावरची चित्रं मी काढलीत," परीक्षक म्हणाले. "नोकरीला लागलो त्या वर्षी. आजवर एकानंही तो हात बाहेर काढलेला नाही. चला."

बाईंचा हात खिडकीबाहेर गेला. उजवीकडे वळताना तो सरळ लांब झाला, डावीकडे वळताना हवेत संथ गोल फिरला. पदर वाऱ्यावर फडफडत होता. गाडी रस्त्यावरून नव्हे, पाण्यावरून चालल्यासारखं घड्याळजींना वाटलं. मागच्या गाड्याही वेग कमी करून, जरा अदबीनेच येत होत्या. हा हात त्यांनी फळ्यावर पाहिला होता, परातीत पाहिला होता. असा कधी पाहिला नव्हता.

एका कोपऱ्यावर बाईंनी थांबण्याआधीचा इशारा केला, तळहात खाली करून हळूहळू वरखाली. गाडी थांबताच पिशवीवाले एक आजोबा मागचं दार उघडून घड्याळजींशेजारी बसले.

"बोलावलंत म्हणून बरं झालं. दवाखान्यापर्यंत सोडा."

बाईंनी भेदरून परीक्षकांकडे पाहिलं.

"बसू द्या," परीक्षक म्हणाले. "माणूस चढेपर्यंत गाडी हलली नाही. त्याचे मार्क आहेत."

आजोबांना दवाखान्याशी उतरवून गाडी परत आली. परीक्षकांनी कागदावर सही केली आणि उतरताना खिडकीतून म्हणाले, "डाव्या वळणाला मनगट जरा सैल हवं. चित्रात ते मला नीट जमलं नव्हतं."

दुपारी घड्याळजी एकटेच गॅरेजवाल्याला घेऊन आले. त्याने नवा डबा बसवला, वायरी जागच्या जागी लावल्या आणि दांडी दाबली. डावा पुन्हा पळायला लागला.

"मागचा डावा बल्ब गेलाय," गॅरेजवाला म्हणाला. "एका बाजूचा बल्ब गेला की त्या बाजूनं घाई करायची, तशीच योजना असते. चालवणाऱ्याला कळावं म्हणून."

"म्हणजे तो जुना डबा चांगला होता?"

"अगदी घड्याळासारखा."

घड्याळजींनी घराच्या दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "हे बाईंना सांगू नका."

"बाईंना?" गॅरेजवाल्याने खिशातून बल्ब काढला. "काल सकाळी त्यांचाच तर फोन होता. मी म्हटलं, बल्ब असणार, उद्या बदलून देतो, तोवर पळू दे."

घड्याळजी आत गेले. बाई खिडकीशी वह्या तपासत होत्या.

"तुला ठाऊक होतं?"

"होतं."

"मग बोलली का नाहीस? परीक्षा तुझी होती."

बाईंनी लाल पेन खाली ठेवलं. "सांगायलाच आले होते, पहिला चहा घेऊन. पण तुम्ही तो डबा तळहातावर घेऊन असे बसला होतात..." त्यांनी समोरची वही मिटली. "झोपलेल्या पोराला शाळेसाठी उठवायचं माझ्या जिवावर येतं, तसं झालं. मग दुसरा चहा घेऊन आले. तेव्हाही नाही जमलं."