माणिकप्पांच्या म्हशीचा सोमवार

गावच्या दूध डेअरीचे चेअरमन शिवमूर्तीअप्पा नांदेडला एक्सेलचं शिबिर करून उदगीरकडच्या आपल्या गावी परतले, ते सगळ्या गावाचा संशय सोबत घेऊनच. "आता कुनी दुधात थेंबभर पानी घातलं तर मला घरबसल्या कळंल," असं त्यांनी भर डेअरीत सांगून टाकलं.

पहिला नंबर लागला माणिकप्पांचा. त्यांची अक्षरा अप्पांच्या मृत्युंजयला ठरली होती आणि येत्या सोमवारी सुपारी फुटायची होती. लोक सोयरीक करताना घराणं बघतात, अप्पांनी फॅट बघितलं. वर्षाचे आकडे भरले, वारानुसार सरासरी काढायचं नवंकोरं सूत्र टाकलं आणि चष्मा पुसून आकडा पुन्हा बघितला. माणिकप्पांच्या म्हशीचं दूध इतर दिवशी सात फॅटचं, सोमवारी मात्र साडेपाच!

"म्हैस काय सोमवार धरती व्हय?" अप्पांनी बायकोला विचारलं. "पानी घालून राहिला हा मानूस. असल्या घरची सून आनायची?"

"आदी नीट बघा तरी," नीलम्मा म्हणाल्या.

अप्पा बघायलाच गेले. सोमवारी उजाडताना ते माणिकप्पांच्या कडब्याच्या गंजीमागं दबा धरून बसले. माणिकप्पांनी धार काढली, शेवटी शेवटी बादली बाजूला सारून पितळी तांब्या घेतला आणि धोतराच्या सोग्याखाली झाकला. अप्पा गंजीतून कडब्यासकट बाहेर आले.

"काय हाय तांब्यात?"

"शेवटची धार," माणिकप्पा दचकून म्हणाले. "सगळ्यात दाट आसती. सोमवारची म्हादेवाला जाती. तुमी कडब्यात काय करून राहिलाव?"

दाट दूध देवाला गेल्यावर बादलीत पातळच उरणार, हे म्हशीलाही कळलं असतं. अप्पांनी चाचरत मोबाईलवरचा तक्ता दाखवला. माणिकप्पांचा चेहरा उतरला. आवाज ऐकून अक्षरा बाहेर आली. ती नांदेडला बीएस्सी करत होती.

"मामा, तुमी आमचाच सोमवार काढलाव. सगळ्यांचा काढा की," ती म्हणाली आणि तिनं तेच सूत्र बोटानं खालपर्यंत ओढलं.

घरोघरचं फॅट सोमवारी उतरलेलं होतं. एकच ओळ सातही दिवस ताठ उभी होती. ती चेअरमनची होती.

"म्हंजी तुमच्या घरून देवाला काईच जात न्हाई?" माणिकप्पांनी हळूच विचारलं. आता संशय त्यांच्या डोळ्यांत होता. "सुपारी ऱ्हाऊ द्या. पुढच्या सोमवारी तुमचं फॅट बघू, मग ठरवू."

अप्पा घरी येऊन नीलम्मांवर ओरडले.

"तुमीच म्हन्लाव, चेअरमनचं फॅट उतरलं तर गाव हासंल," नीलम्मा शांतपणे म्हणाल्या. "मी पिशवीचं दूध घालते म्हादेवाला."

पुढच्या सोमवारी अप्पांनी स्वतः धार काढली. सोयरीक मोडायच्या भीतीनं त्यांनी शेवटच्या धारेचा एक तांब्या काढला, मग दुसरा, मग कळशीच लावली. उरलेलं दूध घेऊन ते डेअरीत गेले. माणिकप्पा मशीनजवळ उभेच होते. आकडा उमटला, तीन. माणिकप्पांनी समाधानानं मान हलवली आणि सुपारी आणायला माणूस धाडला.

मशीनवर बसणाऱ्या नरसिंगनं मात्र आकडा पुन्हा बघितला, मग अप्पांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"चेअरमनसाहेब," तो सगळ्यांदेखत म्हणाला, "किती पानी घातलाव?"