बिहीने शेळ्या हाकलल्या

"बिही, कुंपणाचे काटे कुठं गेले?" इज्जाने गच्चीवरून ओरडून नवऱ्याला विचारले.

"काढले मी. साहेबांची गाडी यायचीय. पाहुण्याच्या वाटेत काटे ठेवतात का कुणी?"

इज्जाने कपाळावर हात मारला. टेकडीवर गावातल्या बायकांनी लावलेली अर्गान या तेलझाडाची रोपे आता कुठे गुडघ्याला लागत होती. ती जगलेली दिसली, तरच वनखात्याचे साहेब सी वहबी पलीकडच्या बोडक्या टेकडीसाठी नवी रोपे देणार होते. तिथे पुन्हा जंगल पाहायचे, या ध्यासापायी इज्जाने वर्षभर गाढवावरून पाणी वाहिले होते. आणि बिहीच्या शेळ्या तर अर्गानच्या मोठ्या झाडांवरही सरसर चढायच्या, तिथे रोपांचा काय पाड!

काटे परत लावणार तोच गाडी दारात उभी राहिली. सी वहबी गालिच्यावर टेकले आणि इज्जाने उंचावरून चहाची धार धरली. तीन ग्लास झाल्याशिवाय पाहुण्याला उठू देणे म्हणजे घराची अब्रू घालवणे.

दुसऱ्या ग्लासाला साहेबांच्या पाठीमागच्या खिडकीतून तिला कुंपणात शिरणारी शेळी दिसली. तिच्यामागे अख्खा कळप.

"बिही," ती गोड आवाजात म्हणाली, "जरा पुदिना आण. टेकडीवरचा."

"परसात आहे की!"

"टेकडीवरचा!"

तिचे डोळे पाहून बिही अनवाणीच पळाला.

तिसरा ग्लास खाली ठेवून साहेब म्हणाले, "चला, रोपं बघू."

"असं कसं? अम्लू तर चाखलंच नाही!" खिडकी अडवून उभी राहत तिने बदाम-मधाचे ते वाटण, गरम भाकरी, लोणी, अंडी, घरात होते नव्हते ते पुढे मांडले. बाहेरून आरोळ्या ऐकू येत होत्या.

"कोण ओरडतंय?"

"आमचा बिही. आनंद झाला की गातो."

"लाल्ला इज्जा," साहेब मानाने हाक मारत हसले, "ज्या घरात मला इतकं खाऊ घालतात ना, तिथं हमखास शेळ्या रोपांत असतात. सरका जरा."

ते खिडकीशी गेले. इज्जा लोण्याची वाटी घेऊन मागोमाग धावली.

"वा! दोन-चार शेंडे सोडले तर सगळी उभी! नवी रोपं गाडीतच आहेत. आत्ता उतरवून घ्या!"

इज्जाला आनंद आवरेना. लग्नघरात करतात तसा तिने जीभ हलवत लांबलचक हर्षनाद केला. तेवढ्यात घामाने निथळत बिही दारात आला.

"हाकलल्या! एकूणएक खाली आणल्या!"

"खाली कुठं?"

"गाडीपाशी. काय गुणाच्या झाल्यात, हूं की चूं नाही!"

तिघेही धावले. गाडीचे मागचे फळकूट उघडे होते. आत शेळ्या दाटीवाटीने उभ्या राहून नव्या रोपांची शेवटची पाने चघळत होत्या. एक टपावर चढून रवंथ करत होती.

"फळकूट मीच उघडं टाकलं," साहेबांचा आवाज खोल गेला. "आणि गावोगाव शेळ्यांवर भाषणं मीच देतो. लाल्ला इज्जा, हे कुणाला कळू देऊ नका. गुरुवारी दुप्पट रोपं आणतो."

"दुप्पट?" इज्जाने ओढणीआड हसू दाबले. "साहेब, अजून तीन टेकड्या बोडक्या आहेत आमच्या."