गुलाबकाका डोंगरावरूनच जातो

आमच्या अनसिंगहून पांगरखेडला जायला चांगली डांबरी सडक आहे. ऑटो जातात, एस.टी. जाते, तोंडातलं पान संपायच्या आत माणूस पोचतो. गुलाबकाका मात्र पांगरखेडला तीन डोंगर ओलांडून जातो, आणि तेही सायकलनं. म्हणजे उतारावर काका सायकलवर असतो आणि चढावर सायकल काकावर असते.

साठी कधीच मागं पडली आहे. डोक्याला पांढरी टोपी, पायजम्याच्या मोहऱ्या सुतळीनं आवळलेल्या, पायात रबरी चप्पल, आणि कॅरेजवर सांभाराच्या जुड्या. आमच्याकडं कोथिंबिरीला सांभार म्हणतात. गावाबाहेर काकाचा भाजीचा मळा आहे. डोंगरात गुरं चारणारा एखादा नवखा माणूस हटकतो, "बाबा, रस्ता चुकले काय?" काका न थांबता म्हणतो, "चुकलो नाई बाप्पा, टाळला."

ती सायकल मीच विकली, त्यामुळं थोडं पाप माझ्याही माथी आहे. बसस्टँडजवळ माझं सायकलचं दुकान आहे. एक दिवस काका आला आणि गिअरच्या सायकलीपुढं उकिडवा बसला. मागचे दाते बघून म्हणाला, "दिल्या, एवढे दात कायले रे हिले? कणसं खाऊ घालाचे हायेत काय?"

मी गिअर समजावून सांगितले. काकानं ऐकलं न ऐकलं केलं, सायकल उचलून खांद्यावर टाकली आणि भर बाजारातून पार वेशीपर्यंत चालत जाऊन परत आला.

"अहो काका, चालवून पाहा ना!"

"चालवाले काय, कोनीबी चालवते. डोंगरात हे आपल्यावर बसन, तवा खरं समजते. हलकी हाये. दे."

मग तिला कॅरेज पाहिजे म्हणाला. मी म्हटलं, या सायकलीला कॅरेज नसतं. "नसते म्हंजे? सांभार का मी दातात धरू?" शेवटी वेल्डिंगवाल्याकडून बसवून आणलं. एवढ्या देखण्या सायकलीचं पार गाढव करून टाकलं या माणसानं. माझा जीव आजही तिळतिळ तुटतो.

काकानं प्रत्येक चढाला आणि उताराला नात्यातल्या माणसाचं नाव दिलेलं आहे. पहिला चढ म्हणजे साडू: लांबलचक, दिखाऊ, आणि आत काही नाही. त्याच्यामागचा उतार मामेसासरा. सुरुवातीला गोड गोड बोलतो, आणि वळणावर नेऊन घाणेरीच्या झुडपात फेकतो. काका तिथं दर खेपेला पडतो. अंगाला काटे घेऊन माझ्याकडं पंक्चर काढायला येतो आणि सांगतो, "आज मामेसासरा लय प्रेमात होता." शेवटचा डोंगर, पांगरखेडच्या डोक्यावरचा, तो जवाई. सगळा सुटा दगड. "त्याच्यासंगं बोलाचं नाई. खाली मान घालाची आन पार कराचं."

चढ आला की काकाचं एक ठरलेलं वाक्य आहे. "चढ पाव्हन्यासारखा असते गड्या. त्याच्याकडं पाह्यलं नाई, की जाते आपोआप."

एका रविवारी वाशिमची काही तरणी मंडळी हेल्मेट-बिल्मेट घालून आली. अवघड वाटा हव्या होत्या त्यांना. कोणीतरी काकाचं नाव सांगितलं होतं. काकानं त्यांच्या अंगाला चिकटलेले कपडे खालून वरपर्यंत पाहिले आणि मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "धुतल्यावर आटले काय रे?" तरी घेऊन गेला. एकानं विचारलं, "काका, पुढचा पॅच कसा आहे?" काका म्हणाला, "साडू." तो बिचारा मोबाइलात साडू शोधत राहिला. मामेसासऱ्याच्या वळणावर सगळे एकामागोमाग एक घाणेरीत गेले, काका सर्वांत आधी. मंडळी खूश झाली. पण जवाईच्या पायथ्याशी काकानं त्यांना परत फिरवलं. "इथून पुढं खाजगी हाये."

हे खाजगी काय ते अख्ख्या अनसिंगला ठाऊक आहे.

पांगरखेडला काकाची थोरली बहीण दिली आहे. काका तिला बाई म्हणतो. आईच्या माघारी तिनंच याला वाढवला. तिच्या पोरीचं लग्न होतं तेव्हाची गोष्ट. नवरीला बोहल्यावर आणायचं आणि मंगलाष्टकं होईस्तोवर तिच्या पाठीशी उभं राहायचं, हा मामाचा मान. मामा निघालाही होता वेळेवर, पण पंगतीसाठी आपल्या मळ्यातली वांगी घेऊन निघाला, आणि टेम्पोचं चाक वाटेत बसलं. इकडं मुहूर्त टळतो म्हणून गुरुजी घायकुतीला आले. बाईच्या नवऱ्यानं, किसनरावांनी (आमच्याकडं बहिणीचा नवराही जवाईच), बाईच्या एका चुलतभावाला मामा म्हणून उभं केलं. शेवटच्या मंगलाष्टकाला काका डोक्यावर वांग्यांचा डाला घेऊन मांडवात शिरला आणि पाहतो तो नवरीमागं भलताच माणूस!

काकानं डाला खाली ठेवला. भरल्या मांडवात म्हणाला, "या गावच्या सडकीवर पुन्हा पाय ठेवला त गुलाब नाव लावनार नाई!"

किसनराव काय कमी? "नको ठेवू! तुही बहीनबी तुह्या दारी येनार नाई!"

झालं. त्या भाचीची पोरगी आता शाळेत जाते, पण दोघांचंही तोंड वाकडं ते वाकडंच. बाईनंच मग निरोप धाडला: "गुलाब, शपथ सडकीची घेतली तू. डोंगराची कुठं घेतली?"

बाईचं वावर डोंगराच्या पायथ्याशी आहे. तिथं यायला काकाला सडक लागत नाही. अनसिंगच्या बाजारादिवशी किसनराव ऑटोनं इकडं येणार, त्याच वेळी काका डोंगरावरून तिकडं जाणार, आणि बहीणभाऊ वावरातल्या आंब्याखाली भाकर खाणार. आधी काका पायी जायचा. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा डॉक्टरांनी सायकल चालवायला सांगितली. डॉक्टरांच्या मनात सपाट रस्ता होता, पण ते त्यांनी बोलून दाखवलं नाही.

मी एकदा म्हटलं, "काका, फोनवर बोलत जा ना."

"बोलतो ना रोज. पन फोनातून सांभार देता येते काय?"

यंदा दिवाळीनंतर बाई अंगणात घसरली आणि पाय मोडला. मांडीपर्यंत प्लास्टर. वावरात येणं बंद. घर पांगरखेडच्या ऐन मधोमध, सडकेला लागून. डोंगर वावरापाशी संपतो, त्यापुढची पांदण, म्हणजे गाडीवाट, थेट सडकेलाच लागते.

काका दुकानात येऊन बाकावर बसला. ना साडू, ना मामेसासरा. एवढंच म्हणाला, "दिल्या, सायकल इकून टाक."

माझं डोकंच फिरलं. "काका, शपथ मोडली तर काय आभाळ कोसळते?"

"आभाळ नाई कोसळत. जवाई हासते."

"हसू द्या! हसून हसून किती हसन? अन् बाईला काही झालं म्हणजे? मग बसा डोंगरावर!"

हे मी बोलायला नको होतं. काका खाली वाकला. पायजम्याची सुतळी उगाच सोडत-बांधत म्हणाला, "मले तिच्याबिगर कोन हाये रे? बायको गेली, पोरगं नाई का पोरगी नाई. हप्त्यातून एक डाव कोनीतरी माह्या नावानं भाकर बांधून आनते." आणि टोपीनं डोळे पुसले. मी हातातला पाना खाली ठेवला. मीच म्हटलं, "बाजारादिवशी जाऊ. मी येतो संगं. वावरापर्यंत तर जाऊ, पुढचं पुढं."

बाजाराचा दिवस म्हणजे माझ्या धंद्याचा दिवस, तरी शटर ओढलं. साडूनं माझा दम काढला, मामेसासऱ्यानं मला घाणेरीत टाकलं. आयुष्यभर सायकली विकल्या, पण सायकल इतकी जड असते हे मला त्या दिवशी कळलं. काका एरवी मला हसला असता. आज खाली मान घालून दगड तुडवत होता.

जवाईच्या माथ्यावर पोचलो आणि काका थबकला. खाली वावरात, आंब्याखाली, बैलगाडी सोडलेली होती.

"गाडं कोनाचं व्हय ते?"

उत्तराची वाट न पाहता काकानं सायकल सोडली. त्या सुट्या दगडांवरून तो माणूस कसा उतरला हे पाहायला मी डोळे उघडे ठेवले नाहीत. मी घसरत-रखडत पोचलो तेव्हा काका गाडीपाशी उभा होता. गाडीत गादी, गादीवर प्लास्टरचा पाय पसरून बाई, आणि बैलांपाशी किसनराव. बाजार सोडून!

"आज बाजाराले नाई गेले, जवाईबापू?" मीच विचारलं.

"कोनासाठी जाऊ?" किसनराव म्हणाले. "दोन पिशव्यांचा बाजार हाये आमचा. त्याले का संध्याकाळ लागते?"

तेव्हा माझी ट्यूब पेटली. हा माणूस दर बाजारादिवशी पिशव्या भरून झाल्या तरी माझ्या बाकावर ऊन कलेपर्यंत बसून राहायचा. मला वाटायचं, फुकटच्या चहासाठी बसतो.

काकाचं मात्र तिकडं लक्षच नव्हतं. तो गाडीच्या चाकांकडं, पांदणीतल्या दगडांकडं आणि बाईच्या पायाकडं पाहत होता, आणि एकदम भडकला. "जवाईबापू, अक्कल हाये काय तुमाले? मोडल्या पायाच्या बाईले गाड्यात घालून आनलं? या पांदणीतून? हाड सरकलं असतं त?"

"सकाळपासून जेवली नाई थे! गुलाब येईन, मले वावरात ने, हेच धरून बसली. मंग काय करू?"

"मंग मले बलवाचं!"

"तू आला असता?"

"जुपा बैल! आधी घरी घ्या तिले!"

गाडी निघाली. काकानं चाकाजवळून चालत एक हात प्लास्टरखाली दिला आणि प्रत्येक धक्क्याला पाय वर उचलून धरला. तोंडाचा पट्टा चालूच. हळू हाका, दगड दिसत नाही काय, बैल आहेत का रेडे. किसनरावही मागं वळून वळून उत्तरं देत होते. कितीतरी वर्षांचं तुंबलेलं भांडण दोघं अगदी मन लावून भांडत होते. मी दोन्ही सायकली ओढत मागं.

पांदण संपली आणि गाडी सडकेवर चढली. काकाही चढला. चपला डांबरावर फटक फटक वाजायला लागल्या, पण याला पत्ताच नाही. मी तोंड उघडलं, तर बाईनं गाडीतून माझ्याकडं पाहून मान हलवली. मी तोंड मिटलं. ओट्यांवर बसलेली माणसं उभी राहिली, पण कोणी चकार शब्द काढला नाही.

घर आलं. किसनराव आत गेले आणि बादली-तांब्या घेऊन बाहेर आले. आमच्याकडं जावयाचे पाय सासरच्यांनी धुवायचे असतात. जावयानं साळ्याचे पाय धुतलेले मी तरी पाहिले नव्हते.

"पाय पुढं कर," किसनराव म्हणाले.

काकानं खाली पाहिलं. पाय, चपला, आणि खाली सडक.

"त्या दिसी गुरुजीले थांबवाले पायजे होतं मी," किसनराव म्हणाले, आणि वाकून पाणी ओतलं.

काका रडला. भर गल्लीत, हुंदके देऊन, टोपी तोंडात कोंबून रडला. किसनराव गुडघ्यावर हात ठेवून वाकलेले, पाणी ओततच राहिले. बादली संपत आली तरी दोघांपैकी कोणी हलेना.

"अरे, तुमचे पाय धुऊन झाले असतीन," गाडीतून बाई ओरडली, "त माह्या पायाचंबी पाहा कोनी! का आता गाड्यातच ठेवता मले?"

दोघं म्हातारे एकदमच धावले.