तिसरं गाणं संपेपर्यंत

जगताप काकांकडे कुणीही आलं, पोस्टमन असो की चिमणी साफ करणारा, काका आधी त्याच्या नाकाखाली एक पेला धरायचे. "हुंग आणि सांग." नमस्कार-चमत्कार नंतर. एकदा मीटर बघायला आलेला माणूस पेला हुंगून म्हणाला, "श्नाप्स," म्हणजे नुसतीच दारू. काका इतके दुखावले की त्याला मीटर कुठे आहे ते त्यांनी सांगितलंच नाही. शेवटी मी दाखवलं. असली निस्तरायची कामं माझ्या वाट्याला.

मी त्यांच्या भट्टीत बाटल्या धुवायला होते. जर्मनीत गेर्लिंगेनच्या पुढे टेकडीखाली एक खेडं आहे, तिथे. काका तीस वर्षं एका मोठ्या कंपनीत इंजिनिअर. रिटायर झाल्यावर माणसं पुण्यात फ्लॅट घेतात. ह्यांनी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची फळांची दारू गाळायची भट्टी घेतली, तांब्याच्या हंड्यासकट. त्याच कोठारात गावातली चार माणसं ब्लूज वाजवत बसायची. काकांनी तीही ठेवून घेतली. गावात सगळे त्यांना "हेर यागटाप" म्हणायचे आणि काका ओ द्यायचे.

हे ब्लूज म्हणजे काय, ते मला काकांनी पहिल्याच आठवड्यात समजावलं. "अगं, आपली जात्यावरची गाणी! दुःख असतं, पण दळण चालू राहतं." बरं. पण ह्या चौघांची दुःखं तरी कसली? सगळं तिथल्या गावरान श्वेबिश बोलीत. एक गाणं ट्रॅक्टर बंद पडल्याचं. एक जिना झाडायची पाळी पुन्हा आपल्यावर आल्याचं. हे गाताना राइनर, आमचा गिटारवाला, डोळे मिटून असा कळवळायचा की वाटावं घरात मयत झालंय. आणि प्रत्येक ओळ दोनदा! एकदा सांगितलं की कळतं ना माणसाला!

पण बोलायची सोय नव्हती. मी बोलणारी कोण? माझी शाळा आठवीत सुटली. नवरा श्टुटगार्टात हॉटेलात कुक, त्याच्यामागून मी आले. कामाला जिथे जावं तिथे आधी त्सॉयग्निस मागायचे, म्हणजे सर्टिफिकेट. माझ्याकडे लग्नाचं सोडून दुसरं सर्टिफिकेट नाही. काकांनी काही मागितलं नाही. समोर तीन पेले ठेवले. "हुंग आणि सांग. मराठीत सांग."

पहिला हुंगला आणि म्हटलं, "नेलपॉलिश पुसतात, त्या पाण्याचा." दुसरा: "हा बरा आहे, पिकल्या फळाचा." तिसऱ्याला घाबरत घाबरत म्हटलं, "काका, रागावू नका, पण भिजलेल्या कुत्र्याचा येतोय."

"उद्यापासून ये," काका म्हणाले.

ह्या धंद्यातली सगळी विद्या एवढीच आहे, हे मला नंतर कळलं. भट्टी तापली की आधी येतं ते नेलपॉलिश, ते टाकायचं. मधलं येतं ते फळ, ते ठेवायचं. शेवटी येतो तो कुत्रा, तो बाजूला काढायचा. नळीखालचं भांडं नेमकं कधी बदलायचं, ह्यावर सगळं. भांडं घाईने बदललं तर सगळ्या दारूला नेलपॉलिशचा वास.

काम मिळालं म्हणून मी रोज देवापुढे हात जोडायचे, आणि ते जाईल म्हणून रोज झोप उडायची. आईला फोनवर सांगितलं होतं, सरबताच्या कारखान्यात आहे. ती म्हणाली, "मग आंब्याच्या सरबताची एक बाटली पाठव की." आता काय पाठवू?

आणि काकांचा जाच! दिवसातून वीसदा हाक. "सुनंदा, हुंग आणि सांग." हात साबणात असले तरी. चार जर्मन पाहुणे ताटकळत उभे असले तरी मला मराठीतच विचारायचं. मी म्हणायचे, "काका, सकाळचंच आहे हो हे." तर म्हणे, "सकाळी काय म्हणालीस ते सांग मग."

त्यातला सर्वांत मोठा जाच म्हणजे गाणी. नळीतून पहिला थेंब पडला की काका हात वर करणार, आणि राइनर मंडळी सुरू. तीन गाणी, ठरलेली, ठरलेल्या क्रमाने. तिसरं संपलं की काका भांडं बदलणार. तोवर कुणी हलायचं नाही, शिंकायचं नाही, आणि मी तर तोंडच उघडायचं नाही. "संगीतात व्यत्यय नको!" मी मनात म्हणायचे, तीस वर्षं जर्मनांत राहून माणूस इतका वेडा कसा काय राहतो?

मग तो ऑक्टोबरातला दिवस आला. गावाच्या सामाईक कुरणात नाशपतीची जुनी झाडं आहेत. सगळं गाव मिळून ती हलवतं, फळं वेचतं, पिंपांत आंबवतं आणि काकांकडे आणून देतं. त्यातून प्रत्येक घराला दोन बाटल्या, एक लग्नकार्याला, एक मयताला. आणि भट्टी मनाला येईल तेव्हा पेटवता येत नाही. दारूवरचा कर घेणाऱ्या कस्टमवाल्यांना आधी दिवस आणि तास कळवावे लागतात, गेनाऊ, म्हणजे अगदी तेवढ्याच वेळात उरकायचं. म्हणजे चुकलं तर गावाचं वर्ष गेलं.

राइनर आला तो गाल सुजवून. आदल्या दिवशी दाढ काढली होती. गाता येईना, तो नुसतीच गिटार वाजवणार होता. मला, खरं सांगते, आनंद झाला. ओळी दोनदा म्हणायच्या नव्हत्या, त्यामुळे ट्रॅक्टर झटक्यात आटोपला. जिना कधी झाडून झाला कळलंही नाही. तिसरंही निम्म्या वेळात संपलं, आणि काका उठले आणि त्यांनी भांडं बदललं.

मी शेजारीच उभी होते. नेलपॉलिशचा वास नाकात घुसला, डोळ्यांत पाणी आलं. आणि काका नव्या भांड्यावर वाकून, डोळे मिटून, गावातल्या सगळ्यांसमोर म्हणत होते, "आऽहा! व्वा! काय नाशपती आहे!"

तेव्हा मला कळलं. बोलावं तर नोकरी, न बोलावं तर गावाची नाशपती. आणि बोलून काकांची अब्रू जायची, ती वेगळीच. दारात पंधरावीस माणसं बाटल्या घेऊन उभी.

मी भांडी आवरल्यासारखं केलं आणि रोजच्या आवाजात, मराठीत, म्हटलं, "काका, अजून नेलपॉलिश येतंय."

काकांचे डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं नाही त्यांनी. भांडं उचललं, मोरीत ओतलं, विसळलं, पहिलं भांडं परत नळीखाली ठेवलं आणि बँडकडे वळून गरजले, "नोखमाल! तिसरं पुन्हा! आज भाव नव्हता त्यात!"

राइनर सुजल्या गालाने काहीतरी पुटपुटला. शिवीच असणार. पण वाजवलं बिचाऱ्याने. काका हात वर धरून उभे, आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून माझ्याकडे बघत होते. नळीतून फळ यायला लागलं तशी मी मान हलवली. हात खाली आला. गाणं मधेच तुटलं, पण त्याचं कुणाला सोयरसुतक नव्हतं.

माणसं बाटल्या घेऊन गेल्यावर काका ओल्या फरशीवर स्टूल ओढून बसले.

"दोन वर्षं झाली," म्हणाले. "एक सर्दी आली, गेली. जाताना वास घेऊन गेली. डॉक्टर म्हणतो, वाट बघू."

"मग गाणी?"

"तेवढ्या वेळात होतं ते बरोबर. राइनरची दाढ धरली नव्हती मी हिशोबात." मग म्हणाले, "सांगणार आहेस कुणाला?"

मी रोज रात्री ज्याला घाबरायचे तोच आवाज होता तो. नोकरी जाईल की काय, असा. फक्त तो काकांच्या तोंडून येत होता.

"माझं जर्मन कुठे एवढं चांगलंय," मी म्हटलं. ते हसले नाहीत. मग मला राहवेना. "पण काका, मराठीतच का हो? राइनरपण सांगेल की."

"तो सांगतो ते मला कळतं," काका म्हणाले. "तू सांगतेस तो वास मला येतो."

त्यांनी नव्या नाशपतीचा एक घोट पेल्यात घेतला आणि माझ्यापुढे धरला. ते शब्द या वेळी म्हणाले नाहीत. रोज मी सुटका करून घ्यायला "फळाचा" म्हणून मोकळी व्हायचे. त्या दिवशी हात पुसले, समोर बसले आणि नाक नीट आत घातलं.

"तांदळाच्या डब्यात चिकू पिकायला पुरून ठेवलेत," मी म्हटलं, "आणि आपण विसरलोय. भाताला डबा उघडला, की येतो ना, तसा."

काकांनी डोळे मिटले.

"अजून," म्हणाले.

मी पुन्हा पेल्यावर वाकले.